मनीऑर्डर, सोसायटी आणि बोलणारा डबा

मंडळी, गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. गाव म्हणजे गोंदिया जिल्हा, आमगावच्या पुढे. आमच्याकडे दिवाळी म्हणजे धान कापणीचे दिवस. बांध्यांमध्ये धान पिवळं झालेलं असतं, निम्मं गाव शेतात असतं आणि पुण्याहून आलेली आमच्यासारखी मंडळी चहाच्या टपरीवर.

तर टपरीवर दोन चहा घेतले, कोड स्कॅन केला, आणि लगेच कपाटावरचा डबा ओरडला, "बीस रुपये प्राप्त हुए." (आमच्या गोंदियात डबासुद्धा हिंदी बोलतो. छत्तीसगड आणि मध्य प्रदेश दोन्ही अंगाला, काय करणार!) टपरीवाल्या काकांनी मान वर करूनही बघितलं नाही. डबा बोलला म्हणजे पैसे आले. विषय संपला.

घरी आलो तर बाबा पिशवीत कागद भरत होते. पासबुक, सातबारा, आधारची झेरॉक्स. "उद्या सोसायटीत जाचं हाय, तिथून मंग बँकेत," म्हणाले. मी आपलं शहाणपण पाजळलं. म्हटलं, "बाबा, आता बँकेत कायले जाता? टपरीवर पण सगळं मोबाईलवर होते."

बाबा पिशवी बांधता बांधता म्हणाले, "तुझा मोबाईल पीककर्ज देते का?"

आता गंमत बघा. मी स्वतः दोन वर्षं पेमेंटच्या एका प्रोजेक्टवर काम केलंय. बँका संपल्या, आता सगळं ॲपवर, असं आम्ही मित्र कितीतरी वेळा चहावर बोललो असू. पण बाबांच्या त्या प्रश्नावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. पुण्याला परत येताना गाडीत तोच प्रश्न डोक्यात. मग दोन-तीन वीकेंड वाचलं, बाबांना फोन करून जुन्या गोष्टी विचारल्या, त्यातून हा लेख झाला. थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

आधी धानाचं गणित सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचा जिल्हा तळ्यांचा आणि भाताचा. ज्याला पाणी पुरतं तो उन्हाळी धानही काढतो, पण बहुतेकांचं मुख्य पीक एकच, खरिपाचं. म्हणजे पैसा येणार दिवाळीनंतर, आणि खर्च होणार जून-जुलैत, रोवणीच्या वेळी. बी, खत, नांगरणी, रोवणीच्या बाया, सगळ्यांना पैसे तेव्हाच द्यायचे. मधले चार-पाच महिने शेतकऱ्याला कोणीतरी उधार द्यावंच लागतं. कोण देतं आणि कशाच्या जोरावर देतं, हाच आमच्याकडच्या बँकिंगचा इतिहास आहे. बाकी सगळं तपशील.

बँका नव्हत्या तेव्हा हे काम मालगुजार आणि सावकार करायचे. हा भाग जुन्या मध्य प्रांतातला, त्यामुळे आमच्याकडे गावाचा मालक मालगुजार. तळी त्यांच्या काळातली, त्यांनाच आज 'मामा तलाव' म्हणतात. माजी मालगुजारी, त्यातल्या पहिल्या दोन अक्षरांवरून मामा. पुण्यातल्या मित्रांना वाटतं कुणाच्या मामाचा तलाव :) बियाणं उधार मिळायचं ते सवाईनं नाहीतर दिढीनं. म्हणजे एक खंडी धान नेलं तर कापणीला सव्वा किंवा दीड खंडी परत. चार-पाच महिन्यांचं व्याज पन्नास टक्के! आजच्या क्रेडिट कार्डवाल्यांनाही हेवा वाटावा.

१८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली, पुढे ती बंगाल नागपूर रेल्वेकडे आली आणि गोंदिया मोठं स्टेशन झालं. तांदूळ, तेंदूपानं, लाख, डिंक हा माल बाहेर जायला लागला. (गोंदिया हे नावच 'गोंद' म्हणजे डिंकावरून पडलं असं म्हणतात.) मागोमाग मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापारी आले, राईस मिल आणि बिडी कारखाने आले. व्यापाऱ्यांचा पैसा हुंडीवर फिरायचा. इथल्या पेढीनं चिठ्ठी लिहायची आणि दूरच्या शहरातल्या पेढीनं ती वाचून रोख द्यायची. नोटांची थैली घेऊन प्रवास करायची गरज नाही. म्हणजे पैसा न हलवता पैसे पोचवायची युक्ती आपल्याकडे मोबाईलच्या कितीतरी आधीपासून आहे. फक्त ती व्यापाऱ्यांपुरती होती. धान पिकवणाऱ्याला हुंडीचा काही उपयोग नव्हता.

त्याच्यासाठी आली मनीऑर्डर. भारतात टपाल खात्यानं ती १८८० मध्ये सुरू केली आणि १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक. आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ नागपूरला गिरणीत होते. दर महिन्याला त्यांची मनीऑर्डर यायची. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत त्या फॉर्मखालची कुपनं अजून आहेत. चार ओळी लिहायला जागा असायची त्यावर. "तब्येत बरी आहे. बैलाचे पैसे वेगळे पाठवतो." बस्स, एवढंच. पोस्टमन घरी येऊन, अंगठा घेऊन, रोख मोजून द्यायचा. शेवटी शेवटी शंभर रुपये पाठवायला पाच रुपये कमिशन पडायचं. जुन्या पद्धतीची ही मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. आता टपरीवरचा डबा बोलतो, पण बैलाबद्दल काही सांगत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढे कामाला येणार आहे. खेड्यात पैसे इकडून तिकडे पोचवायचं काम बँकेकडे फारसं कधी नव्हतंच. ते पोस्टानं केलं. बँकेकडून गावाची अपेक्षा वेगळी होती, रोवणीला उधार द्या. आणि नेमकं हेच बँका करत नव्हत्या.

किती करत नव्हत्या? रिझर्व्ह बँकेनं १९५१-५२ मध्ये देशभरातल्या ग्रामीण कर्जाची पाहणी करवली. त्यात दिसलं की शेतकऱ्यांच्या कर्जातलं जवळजवळ ७० टक्के सावकारांकडून येतं. सहकारी संस्थांचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास आणि व्यापारी बँकांचा एक टक्काही नाही. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा, म्हणजे पन्नास वर्षांत एवढीच मजल. त्याच सुमाराला, १९५१ मध्ये, मालगुजारी संपली.

मग सरकार हललं. सहकारी सोसायट्यांना पैसा आणि पाठबळ मिळालं. आमच्याकडे 'सोसायटी' म्हटलं की फ्लॅटवाली नाही बरं का, विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था. गावात सोसायटी, तिच्यावर जिल्हा मध्यवर्ती बँक, तिच्यावर मुंबईची राज्य सहकारी बँक. तीन मजली इमारत. १९ जुलै १९६९ ला १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्याच वर्षाच्या शेवटी 'अग्रणी बँक' योजना आली आणि आमच्या भागाची जबाबदारी बँक ऑफ इंडियाकडे गेली. १९७५ पासून ग्रामीण बँका निघायला लागल्या. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला.

ग्रामीण बँकेच्या पाटीवरून तर एक वेगळा लेख होईल. आमच्याकडे वैनगंगेचं नाव लावलेली ग्रामीण बँक होती. मग विलीनीकरणात ती झाली वैनगंगा कृष्णा ग्रामीण बँक, २०१३ मध्ये विदर्भ कोकण ग्रामीण बँक, आणि १ मे २०२५ पासून अख्ख्या राज्याची एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक. पाटी रंगवणाऱ्याची चैन. पण नाव जसजसं मोठं होत गेलं, तसतशी नदी गेली, मग आमचा कोपराही गेला. ही विलीनीकरणं फिनटेकमुळे झाली असं नाही, सरकारी धोरण होतं ते. मात्र लहान बँकेला एकटीनं तंत्रज्ञानाचा खर्च झेपत नाही हा मुद्दा त्या धोरणात होताच.

आता माझा काळ. २००८ मध्ये इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी डिमांड ड्राफ्ट काढायला बाबा आणि मी गोंदियाला गेलो होतो. सकाळी दहाला रांगेत लागलो, ड्राफ्ट हातात पडला साडेतीनला. मधे जेवणाची सुट्टी, मधे 'साहेब बसलेत' आणि मधे 'प्रिंटर बंद आहे'. पैसे आमचेच, तरी आम्हीच उपकार मागत असल्यासारखं तोंड करून उभे. तेव्हा मनाशी म्हटलं होतं, हे सगळं एक दिवस कॉम्प्युटर खाऊन टाकणार. आमच्या पिढीला बँकांबद्दल फारसा पुळका नाही, त्याचं कारण त्या रांगेत आहे.

आणि खरंच खाल्लं. एनईएफटी २००५ मध्ये आलं, आयएमपीएस २०१० मध्ये, आणि एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय. पण आमच्या जिल्ह्यात खरा धक्का बसला तो ८ नोव्हेंबर २०१६ ला.

तारीख परत बघा. नोव्हेंबर. धान कापून घरात येतंय, मजुरी द्यायची आहे, व्यापारी दारात उभा आहे आणि पाचशे-हजारच्या नोटा रद्द. बाबा सांगतात, व्यापारी म्हणायचे जुन्या नोटा घ्या नाहीतर थांबा. त्यात १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेनं हुकूम काढला की जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनी जुन्या नोटा बदलूनही द्यायच्या नाहीत आणि जमाही करून घ्यायच्या नाहीत. कारण असं दिलं गेलं की तिथे काळा पैसा घुसेल. शंका असू शकते, मी नाही म्हणत नाही. पण बहुतेक शेतकऱ्यांचं खातंच जिल्हा बँकेत! पीककर्जही तिथलं, धानाचे पैसेही तिथे. म्हणजे ज्या बँकेला शेतकरी 'आपली' म्हणतो, नेमकी तीच हंगामाच्या ऐन मध्यावर जुन्या नोटांच्या खिडकीतून बाहेर. पहिल्या दिवसांत जिल्हा बँकांनी ज्या नोटा घेतल्या होत्या, त्या रिझर्व्ह बँकेकडे जमा करायची परवानगी मिळाली जून २०१७ मध्ये. तोपर्यंत नवीन रोवणीची वेळ आली होती.

दुसऱ्या बाजूला ३० डिसेंबर २०१६ ला भीम ॲप आलं. फोनपे आधीच आलं होतं, २०१७ मध्ये गुगलचं तेज आलं (आताचं गुगल पे). एकाच दोन महिन्यांत जुन्या वाटेवर अडसर पडला आणि नवीन वाट उघडली. हे कोणी ठरवून केलं असं मला म्हणायचं नाही. पण गोंदियाच्या बाजारातल्या दुकानदाराच्या मनात तेव्हाच काहीतरी बदललं. पैसा म्हणजे बँक, हे समीकरण सुटलं. पैसा म्हणजे मोबाईल झाला.

पुढचे आकडे तुम्हाला माहीत असतील. ऑक्टोबर २०१९ मध्ये यूपीआयचे महिन्याचे व्यवहार पहिल्यांदा १०० कोटींवर गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये १,००० कोटींवर, ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींवर. त्यातले दहातले आठ व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोनच ॲपवरून. म्हणजे बँका शेकडो आणि दारं दोन. एका ॲपकडे ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नकोत असा नियम २०२० मध्ये झाला, पण तो पाळायची मुदत ढकलत ढकलत २०२६ च्या अखेरीपर्यंत गेलीय.

आता थोडं इंजिनिअरचं बोलतो, कंटाळू नका. तुम्ही टपरीवर वीस रुपये देता तेव्हा ॲपकडे तुमचा एक रुपयाही नसतो. ॲप फक्त निरोप्या. तो निरोप त्याच्याशी जोडलेल्या एका बँकेमार्फत एनपीसीआयच्या स्विचकडे जातो. स्विच तुमच्या बँकेला सांगतो, यांच्या खात्यातून वीस वजा कर. टपरीवाल्याच्या बँकेला सांगतो, वीस जमा कर. दोघींनी हो म्हटलं की डबा बोलतो. म्हणजे खातं बँकेचं, पैसा बँकेचा, हिशोब बँकेचा, पासवर्ड चुकला का ते तपासायचं काम बँकेचं, आणि नाव ॲपचं. 'सर्व्हर डाऊन' दिसलं की आपण म्हणतो, ॲप छान आहे हो, बँकच भिकार.

हे नुसतं थिअरीत नाही, दोनदा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलंय. ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले, खात्यातून ५० हजारांच्या वर काढायची बंदी झाली आणि त्याच रात्री फोनपे बंद पडलं, कारण त्याचा यूपीआयचा धागा येस बँकेतून जात होता. त्यांनी धावपळ करून दुसऱ्या बँकेशी जोडणी केली. दुसरा प्रसंग ३१ जानेवारी २०२४ चा. रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेला नवीन ठेवी घ्यायला बंदी केली. पेटीएमचं ॲप वाचलं ते मार्चमध्ये चार बँकांच्या खांद्यावर हात ठेवून, त्यात आपली म्हातारी स्टेट बँकसुद्धा होती. नव्या कंपन्या जुन्या बँकांना खाऊन टाकणार म्हणत होतो ना आपण? पडता पडता त्यांनी हात धरला तो बँकेचाच.

मग बँकांचं काय बिघडलं? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, खर्च. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. सरकार लहान व्यवहारांसाठी थोडं अनुदान देतं. पण प्रत्येक दहा रुपयांच्या चहासाठी बँकेच्या मुख्य प्रणालीत नोंद पडते. पूर्वी माणूस महिन्यातून दोनदा बँकेत यायचा, आता दिवसातून दहादा सर्व्हरवर येतो. लहान रकमांसाठी सप्टेंबर २०२२ मध्ये यूपीआय लाईट काढलं, त्यामागे हा भार कमी करणं हाच उद्देश होता. मोठ्या बँकेला हे झेपतं. जिल्हा बँकेनं काय करायचं?

दुसरी गोष्ट, ओळख. आमच्या आत्याचं उदाहरण देतो. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पैसे सुरू झाले. आत्याच्या खात्यात काही येईना. चार वेळा बँकेत जाऊन आली. शेवटी कळलं की पैसे केव्हाचे आलेत, पण दुसऱ्याच खात्यात. कधीतरी पोस्टमननं घरी येऊन अंगठा घेऊन पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत तिचं खातं उघडलं होतं. आधारवर येणारं सरकारी अनुदान तुम्ही म्हणाल त्या खात्यात जात नाही, ज्या खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडलं त्यात जातं. एनपीसीआयकडे तशी यादीच असते. आता आत्या बँकेत जातच नाही. चौकातल्या कियॉस्कवर अंगठा लावते आणि पोरगा पैसे देतो. (२००६ मध्ये रिझर्व्ह बँकेनं असे प्रतिनिधी नेमायची परवानगी दिली, त्यातून हे 'बँक मित्र' आले.) पैसे कोणत्या बँकेचे, विचारलं तर ती सांगते, "त्या पोराच्या बँकेचे!"

सोय झाली हे शंभर टक्के खरं. सालेकसा, देवरीच्या जंगलातल्या गावांतून एका मजुरीवर पाणी सोडून शाखेत जायचं आणि तिथे 'लिंक नाही' ऐकून परत यायचं, ते वाचलं. त्याची किंमत पुण्यात बसून कळत नाही. पण बँकेला तिचं गिऱ्हाईक दिसेनासं झालं, हेही तितकंच खरं.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे बाबांचा प्रश्न. कर्ज.

पैसा पोचवणं आणि पैसा उधार देणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत. पोचवण्यात धोका काही सेकंदांचा. उधार देण्यात सहा महिन्यांचा, आणि धानाच्या बाबतीत त्यात पाऊस, तुडतुडा आणि भाव हे तिघं भागीदार. फिनटेकनं पहिलं काम अक्षरशः फुकट करून टाकलं. दुसऱ्या कामात काय केलं? सुरुवातीला तर वाईटच केलं. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटानं २०२१ मध्ये कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप मोजली, त्यातली ६०० बेकायदा निघाली. माझ्या चुलतभावानं अशाच एका ॲपवरून आठ हजार घेतले होते. सात दिवसांत परत मागायला लागले, आणि नाही म्हटल्यावर त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर त्याचा फोटो. त्याच्यापेक्षा दिढीवाला सावकार बरा, तो निदान घरी येऊन ओरडायचा. सप्टेंबर २०२२ मध्ये नियम आले. कर्ज थेट बँक किंवा वित्तसंस्थेच्या खात्यातून कर्जदाराच्या खात्यात गेलं पाहिजे, मधल्या ॲपनं पैशाला हात लावायचा नाही. म्हणजे इथेही ॲप निरोप्याच ठरलं.

आता चांगले प्रयत्नही चाललेत. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं एक व्यासपीठ सुरू केलं, त्यालाच आता यूएलआय म्हणतात. जमिनीच्या नोंदी, दूध संघांचा हिशोब, असं सगळं एका जागी आणून किसान कार्डाचं कर्ज मिनिटांत मंजूर करायचं. महाराष्ट्र त्यात आहे. २०२२ मध्ये केंद्रानं ६३ हजार सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. इंजिनिअर म्हणून मला हे सगळं आवडतं.

पण त्या दिवशी बाबांबरोबर सोसायटीत गेलो आणि जरा थांबलो. एक खोली, दोन टेबलं, एक नवा कोरा कॉम्प्युटर. गटसचिव बाबांना म्हणाले, "भाऊ, तुमच्या खालच्या बांधीले औंदा तलावाचं पाणी नाही पोचलं ना? उत्पन्न कमी होईन, कर्ज बेतानं उचलजा." सातबाऱ्यावर ती बांधी ओलिताचीच लिहिलेली आहे. कोणत्याही व्यासपीठावर ती ओलिताचीच दिसणार. तलावाचं पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचत नाही ही माहिती त्या माणसाच्या डोक्यात आहे, आणखी कुठेही नाही.

या ओळखीचे वाईट दिवसही असतात, ते लपवत नाही. ओळख म्हणजे गटबाजी, ओळख म्हणजे संचालकाच्या माणसाचं आधी. आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही, दुसऱ्याचं शेत ठेक्यानं करतो, त्याला सोसायटीही दारात उभं करत नाही. आमच्याकडे सातबाऱ्यावर बाईचं नाव किती घरांत असतं, मोजून बघा. त्यांच्यासाठी उद्या एखादं ॲप खरंच योग्य व्याजानं कर्ज देऊ लागलं, तर मी पहिला टाळ्या वाजवीन. तशी वेळ अजून आलेली नाही एवढंच.

शेवटी मार्चची गोष्ट. पीककर्ज मार्चअखेर फेडायचं आणि नवीन उचलायचं, त्याला आमच्याकडे 'नवं-जुनं करणं' म्हणतात. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज शून्य, त्यामुळे तारीख चुकवून चालत नाही. पण जुनं फेडल्यावर नवं हातात यायला काही दिवस लागतात. त्या मधल्या दिवसांसाठी बाबा वर्षानुवर्षं एका व्यापाऱ्याकडून उचल घ्यायचे आणि दहा-बारा दिवसांचे शेकडा दोन-तीन रुपये द्यायचे. गेली काही वर्षं ते बंद आहे. २९-३० मार्चला रात्री मी पुण्यातून पैसे पाठवतो, बाबा सोसायटीत भरतात, नवीन कर्ज आलं की मला परत. सव्वाशे वर्षांचं सवाई-दिढीचं शेवटचं शेपूट आमच्या घरातून यूपीआयनं कापलं. मात्र ते पैसे ज्या कर्जासाठी गेले, ते कर्ज सोसायटीचंच.

हे मी मोठ्या अभिमानानं सचिवांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "चांगलं हाय. पण तुझं स्वतःचं खातं कोणत्या बँकेत हाय?"

पुण्यातल्या एका खाजगी बँकेत. पगार तिथे, बचत तिथे, एफडी तिथे. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या, बाहेर पडलेल्या सगळ्यांचं तसंच. आजोबांच्या भावाचा पैसा गिरणीतून गावात यायचा आणि गावातच राहायचा, पेटीत नाहीतर पोस्टात. माझा पैसा मार्चमध्ये दहा दिवस गावात येतो आणि परत जातो. जिल्ह्यातल्या बँकेनं उधार द्यायचं, तर तिच्याकडे कोणीतरी ठेवायला नको का? जुन्या बँकांना ॲपनं मारलं असं म्हणणं सोपं आहे. ॲपनं फक्त दार दाखवलं, बाहेर आम्ही आमच्या पायांनी गेलो.

खरं सांगायचं तर अजून मी तिकडे खातं उघडलेलं नाही. ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, हे माहीत असूनही. सहकारी बँक म्हटलं की मनात पाल चुकचुकते, आणि ॲपवर दोन बटणांत एफडी होते. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "पाहाय बाबू, तुझे पैसे." आणि मग रोवणीचं बोलायला लागले.

असो. येत्या मार्चमध्ये गावी जाणार आहे, या वेळी पैसे पाठवून भागवणार नाही. पिशवीत माझीही आधारची झेरॉक्स टाकायची का, ते तेव्हा ठरवू.